क्वर्टीचा बाप क्वर्टीवर थांबला नव्हता

समोर कीबोर्ड असेल तर मधल्या ओळीकडे जरा नीट बघा. सुरुवातीचे ए आणि एस सोडा. त्यापुढे डी, एफ, जी, एच, जे, के, एल. मधले ई आणि आय तेवढे गायब, बाकी सगळं एबीसीडीच्या क्रमानं. वरच्या ओळीत मात्र क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय असा सगळा गोंधळ. म्हणजे कुणीतरी आधी सरळ एबीसीडी मांडली होती आणि मग त्यातली अक्षरं उचलून इकडेतिकडे केली. अर्धवट पुसलेल्या फळ्यावर जुनी अक्षरं दिसत राहतात ना, तसंच आहे हे.

फळा पुसणाऱ्या या माणसाचं नाव ख्रिस्तोफर लॅथम शोल्स. टाइपरायटरचा जनक म्हणून जीकेच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण आज त्याची आठवण काढायला एक ताजं कारण आहे. हॉस्टेलच्या रूममध्ये, इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये मेकॅनिकल कीबोर्ड जोडत बसणारी मंडळी आता कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअरसुद्धा स्वतःच बदलतात. क्यूएमके हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. ओपन सोर्स, फुकट, आणि कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं हे ठरवायचा अधिकार पूर्णपणे तुमचा. शोल्सचं आयुष्य वाचलं की वाटतं, हे खेळणं खरं तर त्याच्या हातात पडायला हवं होतं.

खिळे जुळवणारा पोरगा

शोल्सचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मूर्सबर्गचा. चौदाव्या वर्षी तो डॅनव्हिल गावातल्या छापखान्यात उमेदवारीला लागला. तेव्हाच्या छापखान्यात एकेक अक्षराचा धातूचा खिळा हातानं उचलून ओळीत लावावा लागायचा. खिळ्यांच्या पेटीतले कप्पे काही एबीसीडीच्या क्रमानं नसायचे. जे अक्षर जास्त लागतं त्याचा कप्पा मोठा आणि हाताजवळ. अक्षराची जागा सोयीनं ठरते, क्रमानं नाही, ही गोष्ट या पोराच्या बोटांना मिसरूड फुटायच्या आत कळली होती.

१८३७ मध्ये, अठराव्या वर्षी, तो विस्कॉन्सिनला गेला. विस्कॉन्सिन तेव्हा राज्यसुद्धा झालेलं नव्हतं. तिथल्या साउथपोर्ट गावात, ज्याचं नाव पुढे केनोशा झालं, त्यानं वर्तमानपत्र चालवलं. मग राजकारणातही उतरला आणि राज्याच्या विधिमंडळात दोन्ही सभागृहांत बसून आला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण टाइपरायटरच्या गोष्टीत ती नेहमी हरवते. १८५१ मध्ये केनोशात जॉन मॅककॅफरी नावाच्या माणसाला भर गर्दीसमोर फाशी देण्यात आली. दोर आवळल्यानंतरही तो बराच वेळ तडफडत होता. शोल्सनं आपल्या वर्तमानपत्रातून या प्रकारावर कडाडून टीका केली आणि मग विधिमंडळात फाशीविरोधी कायद्यासाठी जोर लावला. १८५३ मध्ये विस्कॉन्सिननं फाशीची शिक्षा रद्द केली. आजतागायत ती तिथे परत आलेली नाही. रूढ आहे म्हणून एखादी गोष्ट चालू द्यायची, हे शोल्सला पटायचं नाही. माणसाचा स्वभाव म्हणतात तो हाच.

पान नंबर टाकणारं यंत्र

पुढे तो मिलवॉकी शहरात आला. तिथे संपादकी केली, लिंकनच्या काळात पोस्टमास्तर झाला, नंतर बंदरावरचा जकात अधिकारी. पण संध्याकाळ झाली की पावलं वळायची ती क्लाइनस्टोबर नावाच्या माणसाच्या वर्कशॉपकडे. शहरातल्या हौशी संशोधकांचा तो अड्डाच होता. आजच्या भाषेत मेकरस्पेस.

तिथे शोल्स आणि त्याचा मित्र सॅम्युअल सोल यांनी पानांवर आपोआप क्रमांक टाकणारं यंत्र बनवलं. १८६६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्कशॉपमध्ये कार्लोस ग्लिडन नावाचा वकील एका यांत्रिक नांगरावर डोकं लढवत होता. त्यानं विचारलं, आकडे छापता, तर अक्षरं का नाही? प्रश्न साधा होता, पण शोल्सच्या डोक्यात तो रुतून बसला. १८६७ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात लंडनमध्ये दाखवलेल्या एका लिहिणाऱ्या यंत्राची बातमी आली आणि मग त्याला चैन पडेना.

पहिला नमुना मोठा गमतीचा होता. एक तारयंत्राची कळ, तिच्या टोकाला डब्ल्यू हे एकच अक्षर, वर काच, कागद आणि कार्बन पेपर. कार्बन पेपर तेव्हा सहज मिळायचा नाही. शोल्सनं तो तार ऑफिसमधल्या चार्ल्स वेलर या ओळखीच्या तरुणाकडून मागून आणला होता. कळ दाबली की डब्ल्यू उमटे. बस, एवढंच! पण एक अक्षर उमटलं म्हणजे बाकीचीही उमटणार, हे त्यानं ओळखलं.

२३ जून १८६८ ला शोल्स, ग्लिडन आणि सोल यांना पेटंट मिळालं. त्या यंत्राच्या कळा पियानोच्या पट्ट्यांसारख्या होत्या आणि अक्षरं जवळजवळ एबीसीडीच्या क्रमात. म्हणजे मधल्या ओळीत आज उरलेला तो डी-एफ-जी-एच हा तुकडा इथला.

डेन्समोर आणि मोडतोड करणारा गिऱ्हाईक

पैसा मात्र नव्हता. तेवढ्यात जेम्स डेन्समोर आला. पूर्वीचा पत्रकार, आता धंद्याच्या शोधात, बोलायला फटकळ, स्वभावानं हट्टी. यंत्र न बघताच त्यानं आधी झालेल्या खर्चाचे ६०० डॉलर भरले आणि चौथा हिस्सा घेतला. नंतर येऊन यंत्र पाहिलं आणि म्हणाला की कल्पना बरोबर आहे, बाकी हे यंत्र काही कामाचं नाही. सोल आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले. शोल्स टिकला, कारण डेन्समोर त्याला सोडायलाच तयार नव्हता.

डेन्समोरची शक्कल अशी की यंत्र तयार झालं की ते रोज लिहिणाऱ्या लोकांकडे पाठवायचं. वॉशिंग्टनमध्ये जेम्स क्लेफन नावाचा लघुलेखक होता. तो यंत्र इतकं जोरात वापरायचा की एकामागून एक यंत्रं मोडून पडायची आणि सोबत तक्रारींची लांबलचक यादी यायची. शोल्स वैतागायचा. डेन्समोरचं म्हणणं एकच, दोष आत्ताच कळले तर बरं. आज आपण ज्याला बीटा टेस्टिंग म्हणतो ते हेच. अनेक वर्षं हे चक्र चाललं. यंत्र बनवा, पाठवा, मोडून घ्या, नवं बनवा.

आणि प्रत्येक वेळी अक्षरं हलायची. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा अक्षराची जागा बदलणं म्हणजे धातूचा दांडा काढणं, नवा घासणं, तार जोडणं, पुन्हा सगळं जुळवणं. कारागीर माथियास श्वालबाख त्याच्या मदतीला होता, तरी एकेका बदलाला घाम निघायचा. आज क्यूएमकेमध्ये तेच काम करायला एका फाइलमधली दोन अक्षरं बदलायची, फाइल कंपाइल करायची आणि कीबोर्डमध्ये भरायची. चहा उकळेपर्यंत काम झालेलं असतं.

क्वर्टी नक्की आली कुठून?

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी. टाइप करणाऱ्यांचा वेग कमी व्हावा म्हणून शोल्सनं मुद्दाम अक्षरं अवघड जागी ठेवली. रील्सवर ही गोष्ट हमखास सापडते. पण ती तपासून बघायला हवी.

त्या यंत्रात अक्षरांचे दांडे गोलाकार टांगलेले असायचे आणि खालून वर कागदावर आपटायचे. शेजारशेजारचे दांडे लागोपाठ उठले तर एकमेकांत अडकायचे. त्यामुळे नेहमी जोडीनं येणारी अक्षरं लांब ठेवली, हे स्पष्टीकरण खूप वर्षं दिलं जातं. यातसुद्धा हेतू वेग कमी करायचा नाही, न अडकता वेग वाढवायचा आहे. शिवाय दहाही बोटांनी, न बघता टाइप करण्याची पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती. आणखी एक गंमत म्हणजे इंग्रजीत सतत जोडीनं येणारे ई आणि आर कीबोर्डवर आजही खेटून बसलेत.

जपानमधले संशोधक कोइची आणि मोतोको यासुओका यांनी २०११ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांचं म्हणणं, सुरुवातीचे गिऱ्हाईक होते तार घेणारे लोक आणि मांडणी त्यांच्या तक्रारींतून बदलत गेली. अमेरिकन मोर्समध्ये झेड हे अक्षर आणि एस-ई ही जोडी ऐकायला जवळजवळ सारखी. तार घेणाऱ्याला पुढचं अक्षर कळेपर्यंत थांबावं लागायचं. म्हणून एस हा झेड आणि ई या दोघांच्याही जवळ हवा. आपल्या कीबोर्डवर बघा, तसाच आहे. या मांडणीवर वाद आहेत, पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. क्वर्टी ही एका रात्रीत सुचलेली युक्ती नाही. वापरणाऱ्यांनी कुरकुर केली, शोल्सनं अक्षर हलवलं, असं करत करत ती घडली.

यंत्र रेमिंग्टनचं झालं

१ मार्च १८७३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावच्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. रेमिंग्टन म्हणजे बंदुका बनवणारे. यादवी युद्ध संपल्यावर बंदुकांची मागणी घटली होती आणि कारखान्याला नवं काम हवं होतं. शिवणयंत्रंही तेच बनवायचे. त्यामुळे १८७४ मध्ये बाजारात आलेला पहिला टाइपरायटर शिवणयंत्रासारखाच दिसायचा. अंगावर फुलांची नक्षी, खाली पायानं दाबायचं पायटं. किंमत १२५ डॉलर. उमटायची फक्त मोठी अक्षरं, आणि काय उमटलं हे लिहिणाऱ्याला लगेच दिसायचंही नाही. मार्क ट्वेननं एक घेतला, पण एकंदर खप यथातथाच.

शोल्सनं आपले हक्क एकरकमी विकून टाकले. ही रक्कम साधारण १२ हजार डॉलर असल्याचं सांगितलं जातं. डेन्समोरनं मात्र प्रत्येक यंत्रामागे मोबदला घ्यायचं ठरवलं आणि तो श्रीमंत झाला. कॉमर्सवाल्यांसाठी हा छान केस स्टडी आहे. पण पैशापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची. हक्क गेले म्हणजे यंत्रावरचा शब्दही गेला. आता कुठलं अक्षर कुठे बसेल, हे कारखाना ठरवणार होता.

१८७८ मध्ये रेमिंग्टनचं दुसरं मॉडेल आलं आणि त्यात शिफ्टची कळ होती. एकाच कळेतून लहान आणि मोठं अशी दोन अक्षरं. याच वर्षी शोल्सला क्वर्टी मांडणी दाखवणारं पेटंटही मिळालं. १८८८ मध्ये फ्रँक मॅकगरिन नावाच्या लघुलेखकानं सिनसिनाटीच्या स्पर्धेत कळांकडे न बघता टाइप करून प्रतिस्पर्ध्याला हरवलं. त्याच्यासमोर रेमिंग्टन होता. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. शाळा रेमिंग्टनवर शिकवू लागल्या, ऑफिसं शिकलेली माणसं मागू लागली, आणि शिकलेली माणसं क्वर्टीच मागू लागली. १८९३ मध्ये मोठ्या कंपन्या एका छत्राखाली आल्या आणि गाठ पक्की बसली.

शोल्स मात्र थांबला नव्हता

या सगळ्या वर्षांत शोल्स मिलवॉकीतच होता. क्षयानं तब्येत पोखरली होती. तरी त्याचे नवे नमुने, नवी पेटंटं चालूच होती. मुलं हाताशी असायची. मुलगी लिलियन टाइपरायटरसमोर बसलेली आहे, असा १८७२ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. टाइपरायटरमुळे बायकांना ऑफिसात काम मिळालं, त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता आलं, याचं शोल्सला शेवटी फार समाधान होतं.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. १८८९ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यानं आणखी एका यंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला. ते पेटंट मंजूर झालं १८९६ मध्ये. १७ फेब्रुवारी १८९० ला तो गेलेला होता. त्या यंत्रावर अक्षरांची मांडणी वेगळी होती. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ही ओळच तिथे नव्हती.

म्हणजे ज्याच्या नावावर आपण क्वर्टी खपवतो, त्या माणसानं स्वतः ती अंतिम मानलेली नव्हती. त्याच्यासाठी तो एक टप्पा होता. जगासाठी तो दगडावरची रेघ झाला.

आणि आता फर्मवेअर

आपल्याकडे ही रेघ वेगळ्याच नावानं पोचली. टाइपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलेल्यांना माहीत असेल, मराठी टायपिंगच्या एका मांडणीला आजही रेमिंग्टन म्हणतात. बंदुकांच्या कारखान्याचं नाव आपल्या क, ख, ग ला चिकटलंय! दुसरी मांडणी इनस्क्रिप्ट. ती भारतीय लिप्यांसाठी इथेच, १९८० च्या दशकात ठरवली गेली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आपल्या भाषेसाठी बटणं नव्यानं मांडता येतात, हे आपल्याकडेही करून झालेलं आहे.

क्यूएमके हे त्यापुढचं पाऊल, कारण तिथे मांडणी समितीही ठरवत नाही आणि कारखानाही नाही. कीबोर्डच्या आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर असतो. बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. चिप ही जाळी सेकंदाला शेकडो वेळा तपासते आणि कुठली आडवी-उभी तार जुळली यावरून कुठलं बटण दाबलं ते ओळखते. मग आपल्याजवळच्या तक्त्यात बघून त्या जागेचा कोड कॉम्प्युटरला पाठवते. हा तक्ता म्हणजे कीमॅप. नेहमीच्या कीबोर्डमध्ये तो कंपनीनं बंद करून ठेवलेला असतो. क्यूएमके चालणाऱ्या कीबोर्डवर तो तुमच्यासमोर उघडा असतो. बदल कीबोर्डमध्येच साठतो, त्यामुळे लॅबमधल्या कुठल्याही मशीनला तो जोडा, मांडणी तुमचीच.

यात लेअर असतात. एक बटण दाबून धरलं की सगळा कीबोर्ड बदलतो, अक्षरांच्या जागी आकडे किंवा बाण येतात. शिफ्टची कळ आठवली ना? १८७८ चा पहिला लेअर तोच. एकच बटण टिचकी मारली तर ए आणि दाबून धरलं तर कंट्रोल, असंही करता येतं. युनिकोडची सोय वापरून ज्ञ किंवा क्ष एका बटणावर ठेवता येतो. नाहीतर ज्ञ म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ज, हलंत आणि ञ अशी तीन चिन्हं.

यातली मला सगळ्यात भावलेली सोय म्हणजे हात बदलण्याची. एक बटण दाबून धरलं की कीबोर्डची उजवी बाजू आरशातल्यासारखी डावीकडे येते. एकच हात चालत असेल, फ्रॅक्चरमुळे असो की कायमचा, तरी त्या एका हातानं पूर्ण कीबोर्ड वापरता येतो. अशा माणसासाठी हा काही गीकांचा छंद नाही. नोकरी करता येईल की नाही, इतका मोठा प्रश्न आहे.

क्यूएमकेचं लायसन्स जीपीएल आहे. कोड कुणीही घ्या, बदला, त्यावर बनवलेला कीबोर्ड विका. पण विकताना तुमचा बदललेला कोडही गिऱ्हाइकाला खुला ठेवावा लागतो. म्हणजे शोल्सच्या बाबतीत झालं तसं, हक्क विकले आणि दार बंद झालं, असं इथे होऊ नये याची तजवीज आहे. वायरलेस कीबोर्डसाठी झेडएमके नावाचा वेगळा ओपन सोर्स प्रकल्प आहे. कोड लिहायचा नसेल तर व्हाया हे अॅप आहे, त्यात माउसनं बटणं बदलता येतात. फक्त कीबोर्ड घेण्याआधी त्याला यातलं काय चालतं ते बघा. दुसऱ्याच मॉडेलचं फर्मवेअर भरायचा आगाऊपणा करू नका.

याचा अर्थ उद्यापासून क्वर्टी सोडा असा नाही. नवी मांडणी शिकायला काही आठवडे जातात, आणि परीक्षेच्या तोंडावर तर हा उद्योग मुळीच नको. कॅप्स लॉकसारखं क्वचित लागणारं एक बटण घ्या आणि त्याला रोजचं काम द्या. आठवडाभर वापरा. जमलं नाही तर परत बदला.

शोल्सनं वीसेक वर्षं हेच केलं. फरक इतकाच, की त्याला दर वेळी धातू घासावा लागायचा.